लाकडी खिळ्यांचं गोत्र

मित्रहो, समोरच्या खोक्यातला एकेक ठोकळा उचला आणि पुढे फिरवत राहा. छापखान्यात आपण धातूच्या अक्षरांना खिळे म्हणतो. मी या लाकडी अक्षरांनाही खिळेच म्हणणार आहे, सुतारांनी राग मानू नये.

मला नेहमी विचारतात, ‘हा टाईप कुठला?’ म्हणजे कुठल्या कारखान्याचा, कधीचा? आणि विचारणारा अक्षराच्या तोंडाकडे, म्हणजे छापणाऱ्या बाजूकडे, बघत असतो. तिथेच फसगत होते. मीही फसलो आहे. जुन्या अमेरिकन नमुनापुस्तकात ‘अँटिक’ हे नाव वाचलं आणि हा फारच पुरातन माल असणार असं धरून बसलो. अँटिक म्हणजे फक्त जाड, चौकोनी पायांचं अक्षर! वयाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने 1827 मध्ये फिरत्या पात्याने लाकूड कोरायचं यंत्र बसवलं आणि पुढच्याच वर्षी विक्रीचं नमुनापुस्तक काढलं. 1834 मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्या पात्याला पँटोग्राफ जोडला. एका साच्यावरून टोक फिरवायचं, पलीकडे हव्या त्या आकाराचं अक्षर कोरलं जातं. सोय झाली तशी उचलेगिरीही सोपी झाली. दुसऱ्याचं छापील अक्षर घ्यायचं, त्याचा साचा करायचा, झालं. त्यामुळे एकच चेहरा, म्हणजे अक्षराचं एकच वळण, चार कारखान्यांकडे सापडतो. चेहऱ्यावरून फार तर संच कधीच्या आधीचा नाही एवढंच कळतं: क्लॅरेंडन नावाचं वळण 1845 मध्ये इंग्लंडमध्ये नोंदलं गेलं, म्हणून क्लॅरेंडनचा संच त्याआधीचा नाही. शंभर वर्षं नंतरचा मात्र असू शकतो.

म्हणून खिळा उलटासुलटा करून बघायचा. आधी तळापासून तोंडापर्यंतची उंची मोजा. अमेरिकन आणि इंग्लिश खिळा 0.918 इंच, फ्रेंच थोडा उंच भरतो. मग लाकूड. चांगला माल कडक मेपलचा, आणि तंतू फळीसारखे आडवे नाहीत, तोंडाकडे उभे. ओंडक्याच्या चकतीवरच अक्षर कोरलेलं असतं, म्हणून दाबाखाली ते चेपत नाही. शाईचा काळा थर बघून मात्र वय ठरवू नका, दहा वर्षांच्या वापरातही तो चढतो.

आता भिंगाने आतले कोपरे बघा. फिरतं पातं गोल, त्याला टोकदार आतला कोपरा जमत नाही. तो नंतर हाताने सुरीने साफ करत. तिथे सुरीचे बारीक ओरखडे दिसतील. कोपरे तीक्ष्ण, खोली कमी आणि पात्याचा मागच नाही, तर ते अक्षर ठशाने दाबून काढलेलं. ही पद्धत कनेक्टिकटमधल्या विल्यम पेजच्या कारखान्याची, 1880 च्या दशकातली. आणि बाजूने पाहिल्यावर डिंकाची रेघ दिसली, वर पातळ लाकडाचं अक्षर, खाली स्वस्त ठोकळा, तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या टू रिव्हर्स गावाकडे बघा. जेम्स हॅमिल्टनने तिथे 1880 मध्ये अशा, होली नावाच्या झाडाच्या लाकडाच्या, चिकटवलेल्या अक्षरांनीच धंदा उघडला. स्वस्त माल विकत त्याने मोठ्यांना खाल्लं. 1891 मध्ये पेजचा कारखानाही घेतला.

कारखान्याचा शिक्का? तो असतो, पण बहुधा फक्त मोठ्या ‘ए’च्या अंगावर. शाईखाली दबला असेल तर दिवा आडवा धरा. तेवढ्यावर एकट्या ‘ए’वरून सगळ्या घराण्याचं गोत्र ठरवायला निघू नका. हरवलेल्या खिळ्याच्या जागी मुद्रक मिळेल तो खिळा घालत.

हा बघा, माझ्याच संचातला ‘ए’. शिक्का हॅमिल्टनचा, आतल्या कोपऱ्यांत सुरीचे ओरखडे. आणि हा शेजारचा ‘आर’: उंची तीच, वळण जवळपास तेच, पण उथळ, कोपरे तीक्ष्ण, ओरखडा एकही नाही. दोघंही एकाच खणात राहतात. नोंदवहीत मात्र मी त्यांच्या नावाने दोन ओळी लिहिल्या आहेत.