तंबूची जागा: रॉकी माउंटन नॅशनल पार्कविषयी

मित्रहो, आपल्या कोलोरॅडो राज्यातल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधल्या पाच कॅम्पग्राउंडांपैकी, म्हणजे तंबू लावण्याच्या तळांपैकी, कोणते निवडावे, असा आजचा विषय जाहीर झाला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी मला एक गोष्ट सविस्तर बोलू द्या, कारण ती कित्येक वर्षे माझ्या मनात घर करून आहे. आपण तंबूची जागा निवडतो ती दिवसाच्या डोळ्यांनी. नकाशावर ओढ्याकाठची किंवा कुरणासमोरची साइट रिकामी दिसली की ती चटकन धरतो, आणि मित्रांना सांगताना म्हणतो, समोर काय सुंदर देखावा आहे! वास्तविक तंबूत आपण राहतो ते मुख्यतः अंधारात. अंधारात कुरण दिसत नाही. जाणवतो तो पाठीखालचा उतार, हवेतला गारठा आणि पाण्याचा आवाज. त्यामुळे जागा ठरवताना या तिघांचा विचार आधी व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

यात आपली एक जुनी सवय आड येते. इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी सह्याद्रीत भटकलेले आहेत. आपण राहिलो कुठे? हरिश्चंद्रगडावर गुहेत, रतनगडावर गुहेत, कुठे मारुतीच्या देवळात, कुठे शाळेच्या व्हरांड्यात, नाहीतर पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर. ती जागा आपल्याआधी कुणीतरी पाऊस, वारा आणि पाणी पाहून निवडलेली होती. आपण फक्त सतरंजी पसरली. उघड्या जमिनीला प्रश्न विचारण्याची वेळ आपल्यावर कधी आलीच नाही. शिवाय उंचीचाही फरक आहे. कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फुटांवर, म्हणजे आपण राहतो त्या डेन्व्हर शहराच्या जवळपास बरोबरीला. या पार्कमधले सर्वांत खालचे कॅम्पग्राउंड आठ हजार फुटांच्या वर आहे. सह्याद्रीतला अनुभव तिथे थोडाच उपयोगी पडतो.

जमिनीला प्रश्न विचारायला मला शिकवले ते माझ्या आईने. आई मूळची पुण्याची, शनिवार पेठेतली. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पळा, पळा, असा ओरडा झाला, तरी तिच्या आजीने चुलीवरचा भात उतरवला, निखाऱ्यांवर पाणी मारले, दाराला कडी घातली आणि मगच वाडा सोडला. गल्लीच्या तोंडाशी तोवर पाणी आले होते. ती चार-पाच मिनिटे आईच्या मनातून कधी गेली नाहीत. पुढे आयुष्यभर ती कुठल्याही नव्या जागी गेली, मग ते भाड्याचे घर असो की सहलीचे ठिकाण, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे: वर पाणी कुठे आहे रे?

ती पहिल्यांदा आमच्याकडे अमेरिकेत आली, तेव्हा जुलैत आम्ही तिला अ‍ॅस्पेनग्लेन कॅम्पग्राउंडला नेले. पार्कच्या फॉल रिव्हर प्रवेशद्वाराजवळचे, पन्नासेक साइट्सचे हे छोटे आणि देखणे ठिकाण. मी तंबूच्या दोऱ्या ताणत होतो. आई नदीकाठी जाऊन उभी राहिली, पाण्याकडे पाहिले, मग मान वर करून डोंगराकडे पाहिले आणि तिने तोच प्रश्न विचारला. मी थोडा वैतागूनच म्हणालो, अगं, हे अमेरिकेतले नॅशनल पार्क आहे. तिने ते मनावर घेतले नाही. संध्याकाळी फेरीवर आलेल्या रेंजरबाईंना तिने माझ्यामार्फत तेच विचारले, आणि त्या बाईंनी जे सांगितले ते मी तुमच्यापुढे जसेच्या तसे मांडतो.

पार्कची स्थापना १९१५ सालची. त्याच्याही आधी, १९०३ साली, खालच्या शेतीला पाणी मिळावे म्हणून वर डोंगरात, सुमारे अकरा हजार फुटांवर, लॉन लेकवर मातीचे धरण बांधलेले होते. १५ जुलै १९८२ च्या पहाटे ते फुटले. सुमारे ८३ कोटी लिटर पाणी रोअरिंग रिव्हरच्या घळीतून झाडे आणि शिळा उपटत हॉर्सशू पार्कच्या कुरणात उतरले. कचरा गोळा करायला आलेल्या एका माणसाने तो आवाज ऐकला, धोका ओळखला आणि फोन करून खबर दिली. त्या खबरीमुळे पुष्कळ माणसे वाचली. पण कुरणाच्या खालच्या टोकाला कॅस्केड लेकचे दुसरे, लहान धरण होते. या पाण्याच्या लोंढ्याने तेही फुटले, आणि त्याच्या खाली होते अ‍ॅस्पेनग्लेन. त्या सकाळी एकूण तीन माणसे गेली. त्यांतली दोन या कॅम्पग्राउंडमध्ये राहायला आलेली होती.

मी हे आईला मराठीत सांगत होतो. दोन धरणांपाशी आलो तेव्हा तिने मला हाताने थांबवले. पुण्यातही तसेच झाले होते ना! आधी पानशेत फुटले आणि त्या पाण्याने खाली खडकवासला फोडले. जुलैचा महिना तोच, वेळ सकाळचीच, आणि एकाखाली एक अशी दोन धरणे. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मुलांचे बूट तंबूच्या दाराशी, टाचा आत आणि टोके बाहेर, असे ओळीने मांडून ठेवले.

अ‍ॅस्पेनग्लेनला जाऊ नका, असा याचा अर्थ कृपया कुणी घेऊ नये. त्या दुर्घटनेनंतर ब्लूबर्ड, सँडबीच आणि पेअर या पार्कमधल्या इतर तलावांवरची जुनी धरणे काढून टाकण्यात आली, आणि आम्ही स्वतः अ‍ॅस्पेनग्लेनला पुन्हा जाऊन राहिलो आहोत. मात्र पाणी यायला धरणच लागते असेही नाही. ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी पार्कशेजारच्या एस्टेस पार्क या गावाच्या खालच्या बिग थॉम्प्सन कॅन्यनमध्ये केवळ पावसाच्या पुराने १४४ माणसे दगावली. जुलै-ऑगस्टमध्ये या डोंगरांत दुपारी वळवासारखा गडगडाटी पाऊस रोजचाच असतो, आणि आपल्या डोक्यावर ऊन असताना तो वरच्या खोऱ्यात कोसळत असू शकतो. म्हणून साइट निवडताना ओढ्याचा काठ सोडा आणि चार पावले चढावरची जागा घ्या, एवढेच माझे मागणे आहे.

थंडीचे गणितही उताराचेच आहे. सूर्य मावळला की डोंगरावरची गार हवा जड होऊन पाण्यासारखी खाली वाहते आणि कुरणात साचते. सप्टेंबरच्या मध्यावर आम्ही मोरेन पार्कमध्ये अगदी कुरणाच्या कडेची साइट घेतली होती, कारण त्या दिवसांत एल्क ही मोठी हरणे माजावर येतात आणि नरांची ती लांबलचक, चिरकत जाणारी शीळ रात्रभर ऐकू येते. शीळ ऐकली, पण झोप लागली नाही. पहाटे तंबूच्या कापडाला आतून हात लावला तर आमच्याच श्वासाचे दव गोठून त्याची पांढरी भुकटी बोटांना लागली, आणि बाहेर ठेवलेल्या पातेल्यातल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती. त्याच पहाटे पाइनच्या झाडांखाली, थोड्या चढावर उतरलेले आमचे स्नेही मात्र अंगात नुसता स्वेटर घालून चहा करत होते. अंतर दोन मिनिटांच्या चालीचेही नव्हते.

कार्यवाहांनी दहा मिनिटे उरल्याची खूण केली आहे, तेव्हा जे कबूल केले होते ते आता भराभर सांगतो. आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि हंगामातल्या जागा बघता बघता संपतात. तंबूसाठी सपाट चौथरा केलेला असेल तिथे तंबू त्या चौथऱ्यावरच लावायचा असतो, म्हणजे पोचल्यावर हवी ती जागा शोधू, हे तिथे चालत नाही. निवड घरी बसूनच करावी लागते. म्हणून साइटचा क्रमांक पक्का करण्यापूर्वी उंचीच्या रेषा असलेला नकाशा पाहा.

लहान मुले असतील आणि पहिलीच खेप असेल तर मोरेन पार्क घ्या, पण झाडांतली, वरच्या अंगाची साइट. बेअर लेककडे चालायला जायचे असेल तर ग्लेशियर बेसिन सोयीचे, कारण पार्कची बस तिथूनच मिळते. मात्र भुंगेऱ्यांनी पाइन मारल्यामुळे तिथली बरीच झाडे काढावी लागली, त्यामुळे बऱ्याच भागात सावली नाही. शांतता हवी असेल तर अ‍ॅस्पेनग्लेन. पश्चिमेकडच्या टिंबर क्रीकलाही सावली नाही आणि डास आहेत, पण मूस, म्हणजे तिथली सर्वांत मोठी हरणे, पाहायची असतील तर तिथे जावे. पूर्वेकडून तिकडे नेणारा ट्रेल रिज रोड साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत बंद असतो, हे ध्यानात ठेवा. लाँग्स पीकचे कॅम्पग्राउंड फक्त तंबूंसाठी, जेमतेम सव्वीस साइट्सचे आणि सुमारे साडेनऊ हजार फुटांवर आहे. १४,२५९ फुटांचे ते शिखर चढायला मध्यरात्रीनंतर निघणाऱ्यांनीच ते घ्यावे.

आंघोळीची सोय पाचांपैकी एकाही ठिकाणी नाही. अस्वलांमुळे खाण्याचे सगळे सामान लोखंडी पेटीत ठेवावे लागते आणि त्यात चिवडा, लोणचे, तूप, टूथपेस्ट, खोबरेल तेल, सगळे आले; पिशवीच्या कप्प्यात राहिलेली एक वडीसुद्धा तंबूत नको. आणि भारतातून आई-वडील येणार असतील तर त्यांना विमानतळावरून थेट वर नेऊ नका. मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला आठ-नऊ हजार फुटांवर पहिल्याच रात्री डोकेदुखी आणि मळमळ होऊ शकते. दोन-तीन रात्री इथे डेन्व्हरात घरी काढा, त्यांना पाणी भरपूर पाजा आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी निघा, म्हणजे दुपारच्या पावसाआधी तंबू उभा राहील.