वजाबाकी एकदाच

कमी दिवसांच्या बाळाबद्दल घरोघरी एक वाक्य ठरलेलं असतं: ‘लवकर जन्मलंय ना, करेल सावकाश.’ यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ते वाक्य धोक्याचं आहे. हे तथ्य कुठवर पुरतं, तेवढंच आज सांगायचंय.

३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेलं बाळ मुदतपूर्व. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या बहुतेक घड्या गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पडतात. ज्या बाळाचे हे दिवस काचेच्या पेटीत गेले, त्याच्याकडून पूर्ण दिवसांच्या बाळाइतकीच प्रगती मागणं अन्यायाचं आहे. म्हणून आपण सुधारित वय धरतो. २८व्या आठवड्यात जन्मलेलं मूल जन्मतारखेने १८ महिन्यांचं असेल, तर पूर्ण ४० आठवड्यांना कमी पडलेले १२ आठवडे वजा करून त्याला साधारण १५ महिन्यांचं समजायचं. दोन वर्षांपर्यंत हा हिशेब चालतो. (लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.)

पण ही सवलत एकदाच द्यायची. वजाबाकी करूनही मूल मागे राहत असेल, तर ‘लवकर जन्मलंय’ हे कारण पुन्हा पुढे करता येत नाही. तपासायलाच हवं.

काही खुणांना तर वयाची सवलत मुळीच नाही. खेळणं उजवीकडे ठेवलंय, तरी दहा महिन्यांचं बाळ अख्खं अंग वळवून डाव्या हातानेच ते घेतं, उजवी मूठ मिटलेलीच. घरचे कौतुकाने म्हणतात, डावखुरा होणार! एवढ्या लहान वयात मुलं सहसा एक हात पक्का करत नाहीत. अशा वेळी मी डावा हात सोडून उजवा बघते. एका बाजूचे स्नायू कडक तर नाहीत ना, हे तेव्हाच कळायला हवं.

आता स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) चाळणीबद्दल, म्हणजे पुढे सविस्तर तपासणी कुणाची करायची हे ठरवणाऱ्या पहिल्या चाचणीबद्दल. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही पालकांना विचारायची २० प्रश्नांची यादी वापरतात. त्यात ‘मूल चालतं का?’ असा प्रश्न आहे, ‘त्याला ऐकू येत नाही अशी शंका कधी आली का?’ असाही आहे. पाय कडक असलेलं किंवा कमी ऐकू येणारं मूल या प्रश्नांवर अडकणारच, आणि कमी दिवसांच्या मुलांत असे त्रास जास्त आढळतात. म्हणून नुसत्या गुणांवरून आईबापांना घाबरवू नका. पालकांशी पुन्हा सविस्तर बोला, कान-डोळे तपासा. मूल बोटाने दाखवतं का, तुम्ही दाखवलेल्या वस्तूकडे बघतं का, हे स्वतः पाहा. चाळणीत अडकणं म्हणजे निदान नव्हे.

सगळ्यात जास्त निसटतात ती ३४ ते ३६ आठवड्यांची बाळं. वजन बरं, पेटीची गरज पडली नाही, घरी लवकर गेली, पुढे कुणी बोलावलंच नाही. त्यांच्यातही बोलण्याचे आणि पुढे अभ्यासाचे प्रश्न पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा जास्त दिसतात. दीड वर्षाच्या लसीला आलेल्या प्रत्येक मुलाच्या आईला कृपया एवढं विचारा: बाळ कितव्या आठवड्यात झालं?