गाणी निवडणारी माणसे : चॅनल व्हीचा उदय आणि अस्त

(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सभ्य श्रोतेहो,

चॅनल व्ही ही गाण्यांची वाहिनी यूट्यूबने संपवली, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की आता ते कोणी तपासून पाहत नाही. तारखा शेजारीशेजारी मांडल्या तर ते टिकत नाही. ही वाहिनी 1994 साली सुरू झाली आणि भारतात सप्टेंबर 2018 मध्ये बंद झाली, हे खरे. परंतु 1 जुलै 2012 पासूनच तिने गाणी दाखवणे थांबवले होते आणि तरुणांसाठीच्या मालिकांची वाट धरली होती. त्या वेळी आपल्या शहरातील बहुसंख्य घरांत व्हिडिओ न अडखळता चालेल असे इंटरनेट नव्हते, आणि स्वस्त डेटा घेऊन जिओ आले ते सप्टेंबर 2016 मध्ये. म्हणजे चोर घरात शिरण्याआधीच घर रिकामे झाले होते. ते का झाले, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

सुरुवात हाँगकाँगपासून करावी लागते. 1991 साली तिथून स्टार टीव्हीचे प्रक्षेपण एशियासॅट-1 या उपग्रहावरून सुरू झाले आणि त्या गुच्छात एमटीव्ही ही गाण्यांची वाहिनीही होती. हा उपग्रह आपल्या देशावरही संकेत सोडत होता आणि संकेत खुला होता. ज्याच्याजवळ मोठी डिश आणि थोडे भांडवल होते, तो केबलवाला होऊ शकत होता. नागपुरातही गच्चीवर डिश, खाली एका खोलीत कंट्रोल रूम, प्रत्येक वाहिनीसाठी एक रिसीव्हर आणि तिचा संकेत तारेवर चढवणारा एक मॉड्युलेटर, आणि तिथून विजेच्या खांबांवरून गल्लोगल्ली गेलेली काळी तार, अशी ती व्यवस्था उभी राहिली. दूरदर्शनवर छायागीत किंवा चित्रहारसाठी ठरलेल्या दिवसाची वाट पाहणाऱ्या घरात आता दिवसभर गाणी लागली. अर्थात ती बहुतांशी इंग्रजी होती आणि महाल-इतवारी या जुन्या वस्त्यांतल्या घरांना त्यांचे अप्रूप फार काळ वाटले नाही.

1993 मध्ये रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीने स्टारमध्ये बहुमताचा हिस्सा घेतला आणि पुढच्याच वर्षी एमटीव्ही व स्टार यांची फारकत झाली. एमटीव्ही गेली, जागा मोकळी झाली, आणि ती भरण्यासाठी स्टारने चॅनल व्ही काढली. व्यावसायिक भांडणातून जन्मलेल्या या वाहिनीने एक शहाणपणाचा निर्णय घेतला : हिंदी गाणे इंग्रजी गाण्याच्या शेजारी, त्याच मानाने बसवायचे. जावेद जाफरी, रुबी भाटिया यांच्यासारखे निवेदक हिंदी-इंग्रजीची सरमिसळ करत बोलू लागले. क्विक गन मुरुगन हे पात्रही मूळचे याच वाहिनीच्या जाहिरातफितींतले. ज्या शहरात घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलली जाते, त्या नागपूरला ही सरमिसळ शिकवावी लागली नाही. एमटीव्हीने 1996 मध्ये भारतासाठी स्वतंत्र वाहिनी आणली, तेव्हा तिलाही अखेर हाच मार्ग घ्यावा लागला.

आता निवेदक नेमके काय करत असे, ते जवळून पाहू या. दोन गाण्यांच्या मध्ये त्याला अगदी थोडा वेळ मिळे. तेवढ्यात तो मागच्या गाण्याविषयी एखादे वाक्य बोले, पुढच्या गायकाची ओळख करून देई, आणि गाणे सुरू होताच पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक पट्टी येई : गाण्याचे नाव, गायकाचे नाव, अल्बमचे नाव, कंपनीचे नाव. गाणे संपताना तीच पट्टी पुन्हा. ही पट्टी वाचून कागदावर नावे टिपून ठेवणारी मुले मी पाहिली आहेत. ज्यांना टिपता आले नाही ते बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, कॅसेटच्या दुकानात जाऊन सांगत, “भाऊ, ते लाकडी पेटीतून हिरो निघते ना, त्या गाण्याची कॅसेट द्या.” दुकानदार न बोलता 1995 चा अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ काढून देई, पेटीतून निघणारा नायक म्हणजे मिलिंद सोमण, हे त्यालाही पाठ झालेले असे. चित्रपट नाही, नट-नटीचे नाव नाही, आणि तरीही गाणे घराघरांत पोहोचते, ही भारतीय संगीताच्या बाजारात फार मोठी गोष्ट होती. लकी अली, दलेर मेहंदी, सिल्क रूट, युफोरिया हे सगळे त्याच दारातून आत आले. काही वर्षांनी, 2002 मध्ये, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांचे ‘ऐका दाजिबा’ अमराठी घरांतही वाजले, ते व्हिडिओच्या जोरावरच.

परंतु या सगळ्याचे पैसे कोण देत होते? गाण्याचा व्हिडिओ कॅसेट काढणारी कंपनी स्वतःच्या खर्चाने बनवत असे आणि वाहिनीला देत असे, कारण तिच्या दृष्टीने तो कार्यक्रम नव्हता, कॅसेटची जाहिरात होती. काही काळ तर ईएमआय, बीएमजी, सोनी आणि वॉर्नर या कंपन्या चॅनल व्हीमध्ये भागीदारही होत्या. वाहिनीचा खरा गुण, म्हणजे ढीगभर गाण्यांतून हे दाखवायचे आणि ते नाही हे ठरवणारी माणसे, त्याची किंमत ना प्रेक्षक मोजत होता, ना जाहिरातदार. कॅसेट खपत होती तोवर ते काम तिच्या आधाराने चालले.

मग फुटपाथवर एमपी-3 च्या सीडी आल्या. एका सीडीत शंभरावर गाणी मिळू लागल्यावर एका अल्बमची कॅसेट कोण घेणार? कंपन्यांनी चित्रपटबाह्य अल्बमांवर खर्च करणे थांबवले. चित्रपटाच्या निर्मात्याकडे मात्र प्रसिद्धीसाठी पैसा होता, तयार चित्रीकरण होते आणि प्रदर्शनाची तारीख होती. त्यामुळे संगीत वाहिनी हळूहळू येत्या शुक्रवारच्या चित्रपटाचा फलक होऊन बसली. सगळ्या वाहिन्यांवर तीच गाणी असतील तर निवडणाऱ्याची गरजच काय?

2002 मध्ये चॅनल व्हीने ‘पॉपस्टार्स’ ही स्पर्धा घेऊन पाच मुलींचा ‘व्हीवा’ हा गट उभा केला. मला ती या कथेची वळणाची जागा वाटते. त्या मुली गुणी होत्या, कार्यक्रम गाजला; पण लोक निवड, रडणे, बाद होणे पाहत होते, गाणे मागे राहिले. पुढच्या वर्षी एमटीव्हीवर ‘रोडीज’ हा मोटारसायकल प्रवासावरचा स्पर्धेचा कार्यक्रम आला, आणि त्याच्या नावाला मोटारसायकल कंपनीचे नाव जोडलेले होते. गाणे लागले की प्रेक्षक तीन-चार मिनिटांत वाहिनी बदलतो. स्पर्धा लागली की अर्धा तास बसतो. रेटिंगवर जाहिरातीचा दर ठरत असेल तर व्यवस्थापक काय करणार, हे वेगळे सांगायला नको. मी त्यांना दोष देत नाही. पण याला प्रेक्षकांचा कौल म्हणणेही मला मान्य नाही. ऑक्टोबर 2007 मध्ये सुरू झालेल्या 9एक्सएमने निवेदकांऐवजी कार्टून पात्रे ठेवली, गाणी अखंड लावली, आणि प्रेक्षक मिळवला. लोकांना गाणी हवीच होती.

केबलच्या बाजूनेही घेर आवळत होता. जुन्या टीव्हीवर वाहिन्यांच्या जागा थोड्या, त्यातही प्राइम बँडमधल्या, म्हणजे चित्र स्पष्ट दिसणाऱ्या, चांगल्या जागांसाठी वाहिन्यांना केबलचालकाला पैसे मोजावे लागत. 31 मार्च 2013 ही केबल डिजिटल करण्यासाठी सरकारने सक्तीच्या केलेल्या सेट-टॉप बॉक्सची दुसऱ्या टप्प्याची मुदत होती आणि त्या यादीत नागपूर होते. बॉक्स आला आणि गाण्यांच्या वाहिन्यांची रांगच लागली. एकाच वेळी सगळे शहर एकच गाणे पाहत आहे, ही स्थिती कायमची गेली. जानेवारी 2016 मध्ये चॅनल व्ही पुन्हा गाण्यांकडे वळली, पण तोवर तिथे चित्रपटगीतांखेरीज दाखवायला फारसे काही उरले नव्हते, आणि त्याच वर्षी मोबाइलवरचा व्हिडिओ स्वस्त झाला.

शेवटी एक विनंती. त्या काळातली गाणी आज सहज सापडतात, कारण त्यांचे हक्क कंपन्यांकडे आहेत आणि त्यांनी ती इंटरनेटवर ठेवली आहेत. गाण्यांच्या मधले निवेदन, ती पट्टी, गाण्यांचा तो क्रम यांतून मात्र कोणालाच पैसे मिळत नाहीत. त्यातले जे काही पाहायला मिळते, ते बरेचसे कोणीतरी घरच्या व्हीसीआरवर टेप करून ठेवले म्हणून. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर अशा व्हीएचएस कॅसेट पडल्या असतील तर त्या भंगारात देऊ नका. पावसाळ्यात फितीला बुरशी धरते, म्हणून त्या कोरड्या जागी उभ्या ठेवा, बुरशी दिसत असेल तर व्हीसीआरमध्ये घालू नका, आणि लग्नाच्या जुन्या कॅसेट डिजिटल करून देणाऱ्या स्टुडिओकडून त्या उतरवून घ्या. उतरवताना जाहिराती आणि निवेदन कापायला सांगू नका.