यंत्रमानवाच्या आत कोण होतं?

श्रोतेहो, नमस्कार.

हॉलिवूडमध्ये पूर्वी ग्रॉमन्स चायनीज म्हणून ओळखलं जाणारं एक नामांकित थिएटर आहे. साधारण १९५० च्या सुमाराला त्याच्या दारावर लॉक मार्टिन नावाचे एक दारवान उभे असत. उंची सात फुटांच्या वर. सिनेमाला येणारी माणसं पडद्याआधी त्यांच्याकडेच मान वर करून बघत असणार. त्याच काळात दिग्दर्शक रॉबर्ट वाइज 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' नावाचा चित्रपट करत होते आणि त्यांना एक धिप्पाड यंत्रमानव हवा होता. मार्टिन यांना बोलावणं गेलं.

१९५१ साली पडद्यावर आलेला तो यंत्रमानव म्हणजे गॉर्ट. वॉशिंग्टनच्या मैदानावर उडती तबकडी उतरते, तिच्यातून परग्रहावरचा पाहुणा बाहेर येतो आणि त्याच्या मागून हा गॉर्ट. चेहरा नाही, बोलणं नाही. कपाळाखालची झडप वर सरकते, आतून प्रकाश येतो आणि रणगाड्यांचं पाणी होतं. अख्ख्या अमेरिकी फौजेला तो भारी. प्रत्यक्षात मात्र अंगावर होता रुपेरी रंग दिलेला फोम रबरचा पोशाख. पोशाखही दोन. एकाची शिवण पुढे, दुसऱ्याची मागे. कॅमेरा समोर असेल तर मागे शिवण असलेला घालायचा, पाठमोरा प्रसंग असेल तर दुसरा. शिवण दिसली की यंत्रमानव संपला!

गंमत अशी की मार्टिन उंच होते, पण अंगात ताकद बेताचीच. गॉर्ट नायिकेला दोन्ही हातांवर उचलून तबकडीत नेतो, तो प्रसंग तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. पॅट्रिशिया नील यांना उचलणं मार्टिन यांना जमेना. मग तिला तारांचा आधार दिला, आणि जिथे तिचा चेहरा दिसत नव्हता तिथे हलकी बाहुली. पृथ्वी भस्म करू शकणाऱ्या यंत्राला एक बाई उचलवत नव्हती.

आज मला बोलायचंय ते अशा माणसांबद्दल. जुन्या विज्ञानपटांतले यंत्रमानव म्हटलं की आपण त्यांची ताकद, त्यांचे दिवे, त्यांची हत्यारं आठवतो. पण ते जवळजवळ सगळे माणसंच होते. आत कुणीतरी घामाघूम होऊन उभं होतं. माझं म्हणणं असं, की त्यातले जे आपल्या लक्षात राहिले, ते आतल्या माणसामुळे राहिले.

अगदी पहिल्यापासून हे असंच आहे. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला प्रदर्शित झाला. त्यातली ती चकाकती धातूची स्त्री आजही पोस्टरवर दिसते. ती धातूची नव्हतीच. वॉल्टर शुल्त्स-मिटेनडॉर्फ या शिल्पकाराने लाकडाच्या लगद्यासारखा एक पदार्थ वापरून तिचे भाग घडवले आणि वरून रुपेरी रंग फवारला. आत होती ब्रिगिट हेल्म. वय विशीच्या आसपास, पहिलाच चित्रपट. चिलखत ताठ, जागोजागी टोचणारं. आपला चेहरा दिसत नाही, मग दुसरी एखादी मुलगी का उभी करत नाही, असं तिने लांग यांना विचारलं म्हणतात. त्यावर, लोकांना कळलं नाही तरी मला कळेल, अशा अर्थाचं उत्तर मिळालं, असा किस्सा सांगतात. दिग्दर्शक म्हणून लांग छळवादी होते, पण इथे त्यांचं बरोबर होतं असं मला वाटतं.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. रॉबर्ट किनोशिता. लॉस एंजेलिसला वाढलेला जपानी वंशाचा अमेरिकी तरुण. वास्तुकलेचं शिक्षण घेतलं, सिनेमाच्या कलाविभागात काम करायची इच्छा. तेवढ्यात दुसरं महायुद्ध. पर्ल हार्बरनंतर अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना उचलून छावण्यांत डांबलं. किनोशिता नवरा-बायकोची रवानगी अॅरिझोनातल्या छावणीत झाली. तिथून सुटका झाल्यावर ते विस्कॉन्सिनला गेले आणि तिथे औद्योगिक वस्तूंचं डिझाइन शिकले. प्लॅस्टिक कसं वळवायचं, साच्यातून कसं काढायचं हे हाताखालून गेलं. सैन्यासाठी कपडे धुण्याची यंत्रंसुद्धा त्यांनी आखली.

आणि मग एमजीएम स्टुडिओत त्यांच्या टेबलावर एक काम आलं: 'फॉरबिडन प्लॅनेट' या चित्रपटासाठी यंत्रमानव उभा करायचा. १९५६ साली पडद्यावर आला तो रॉबी. आता रॉबीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. गोल गरगरीत पोट, एकावर एक ठेवलेल्या चेंडूंसारखे पाय, वर पारदर्शक घुमट आणि त्यात फिरणारी चक्रं. बहुतेक सगळं प्लॅस्टिक. धुलाई यंत्राशी त्याचं नातं आहे असं लोक गमतीने म्हणतात, आणि ते मला पटतं. तोवरचे यंत्रमानव एक तर पिंपासारखे असायचे, नाहीतर चिलखतासारखे. रॉबी घरात ठेवावासा वाटतो. चित्रपटात कामही घरगड्याचंच करतो. स्वयंपाक करतो, बाईसाहेबांचे कपडे शिवतो, जहाजावरच्या आचाऱ्याला हवी तेवढी दारू तयार करून देतो. पाहुण्यांना पहिल्या भेटीत सांगतो की इंग्रजी येत नसेल तर दुसऱ्या १८७ भाषा त्यांच्या बोलींसकट हजर आहेत. त्यात मराठी असणार असं मी धरून चालतो. बोलींसकट म्हटल्यावर अहिराणी आणि मालवणीही आल्या.

हा पोशाख चालवायला आत बुटकी, काटक माणसं लागायची. फ्रँकी डॅरो आणि फ्रँकी कार्पेंटर, असे दोन फ्रँकी. रॉबी बोलायला लागला की तोंडाच्या जागी निळ्या नळ्या लुकलुकतात ना, त्यांच्यामागून आतला माणूस बाहेर बघायचा. श्रेयनामावलीत ओळ होती की रॉबी द रोबो प्रथमच सादर करीत आहोत. दोन्ही फ्रँकींची नावं कुठेच नाहीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला रॉबीचा लिलाव झाला, तेव्हा तो ५३ लाख ७५ हजार डॉलरला गेला. विकलं गेलं ते रिकामं प्लॅस्टिक, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

सप्टेंबर १९६५ मध्ये अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 'लॉस्ट इन स्पेस' ही मालिका सुरू झाली. तिच्यातला रोबोसुद्धा किनोशितांचाच. अंतराळात भरकटलेलं एक कुटुंब, त्यांचा विल नावाचा मुलगा, आणि संकट आलं की हात हलवत ओरडणारा हा रोबो. आत होते बॉब मे. रोबोला खाली रणगाड्यासारखे पट्टे होते, पण ते शोभेचे. सपाट जमिनीवर त्याला तारेने ओढत न्यायचे. खडबडीत जागी चालायचं असेल तर खालचा भाग काढून मे स्वतःच्या पायांनी चालत आणि कॅमेरा गुडघ्यांच्या वरच ठेवत. त्या अर्ध्या पोशाखाला सेटवर बर्म्युडा चड्डी म्हणत! छातीवरचा दिवा शब्दागणिक पेटतो, तोही मे आतून कळ दाबून पेटवत. त्यासाठी त्यांनी सगळे संवाद पाठ केलेले असत, ते आतून मोठ्याने म्हणत, समोरचे नट त्यावर बोलत. आणि नंतर त्यांचा आवाज पुसून टाकला जाई.

ज्यांचा आवाज त्या जागी आला ते डिक टफेल्ड आमच्यातलेच. म्हणजे निवेदक. रॉबीला आवाज देणारे मार्विन मिलरही रेडिओवर गाजलेले निवेदकच. टफेल्ड यांनी आपल्या आवाज-चाचणीची हकिगत मुलाखतींत सांगितली आहे. निर्माते अर्विन अॅलन. टफेल्ड यांना वाटलं, रोबो म्हणजे आवाज ठोकळेबाज, यांत्रिक हवा. तसा काढला. अॅलन म्हणाले, हे असलं मला मुळीच नको. शांत, सुसंस्कृत, अभिजात आवाज द्या. टफेल्ड यांनी तसं करून पाहिलं. पुन्हा केलं. बराच वेळ गेला, काही जमेना. शेवटी वैतागून ते परत त्या पहिल्याच ठोकळेबाज आवाजात बोलले. अॅलन एकदम खूश: हाच तो अभिजात आवाज! माइकसमोर बसणाऱ्या कुणालाही ही गोष्ट ऐकून हसू येईल, कारण असा साहेब प्रत्येकाला कधी ना कधी भेटलेला असतो.

शरीरच नसलेला एक यंत्रमानवही आहे, आणि तो नुसत्या आवाजावर उभा आहे. 'टू थाउजंड अँड वन: अ स्पेस ओडिसी', १९६८. अंतराळयान चालवणारा संगणक, हॅल. पडद्यावर दिसतो फक्त एक लाल डोळा. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी आधी मार्टिन बाल्सम या अभिनेत्याकडून संवाद करून घेतले होते, पण ते फार भावुक वाटले. मग कॅनडाच्या रंगभूमीवरचे नट डग्लस रेन यांचा आवाज घेतला. खरं तर रेन यांना चित्रपटाच्या निवेदनासाठी घेतलं होतं. ते निवेदनच पुढे काढून टाकलं. रेन यांनी चित्रपट न पाहता, बाकीच्या नटांना न भेटता, जेमतेम दोन दिवसांत हॅल पूर्ण केला. मरता मरता हॅल 'डेझी बेल' हे गाणं म्हणतो, आवाज जड होत जातो. त्यालाही खरा आधार आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून हेच गाणं म्हणवून घेतलं होतं, आणि कथाकार आर्थर क्लार्क यांनी ते तिथे ऐकलं होतं. माणसासारखं गाणाऱ्या यंत्राची नक्कल एका माणसाने केली. कोण कुणाचं सोंग घेतंय, पाहा!

कुब्रिकच्या त्याच चित्रपटाच्या विशेष दृश्यांवर डग्लस ट्रम्बुल या तरुणाने काम केलं होतं. १९७२ मध्ये त्याने स्वतः 'सायलेंट रनिंग' दिग्दर्शित केला. पृथ्वीवर झाडं उरलेली नाहीत. शेवटची अरण्यं काचेच्या घुमटांत घालून अंतराळात ठेवली आहेत, आणि ती नष्ट करायचा हुकूम येतो. एक माळी तो मानत नाही. त्याच्या सोबतीला तीन छोटे रोबो: चौकोनी खोकी, दोन आखूड पाय, एक हात. डोकं नाही, आवाज नाही.

त्या खोक्यांमध्ये कोणी बसू शकणार नाही असंच वाटतं, आणि तिथेच ट्रम्बुलची हुशारी आहे. मार्क पर्सन्स, स्टीव्हन ब्राउन, शेरिल स्पार्क्स आणि लॅरी विझनहंट हे चौघे ते रोबो झाले. चौघांनाही पाय नव्हते. ते हातांवर चालत. रोबोचे पाय म्हणजे त्यांचे हात. म्हणून ती चाल तशी आहे. किंचित झुकणारी, थबकणारी, भार एका बाजूवरून दुसरीवर टाकणारी. माळी त्यांना पत्ते खेळायला शिकवतो त्या प्रसंगात एक रोबो नुसता दुसऱ्याकडे वळतो, आणि आपल्याला कळतं की ही लबाडी चाललीय. चेहरा नसताना हे दाखवणं सोपं नाही. मला विचाराल तर या सगळ्या यादीत सर्वोत्तम अभिनय तो आहे.

'स्टार वॉर्स'बद्दल तुम्हाला मी काय सांगणार? आर-टू-डी-टूच्या आत तीन फूट आठ इंचांचे केनी बेकर होते, सोनेरी सी-थ्री-पीओच्या आत मूकाभिनय शिकलेले अँथनी डॅनियल्स. १९७६ मध्ये ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रीकरण झालं तेव्हा दूरनियंत्रणावर चालणारे आर-टू सारखे बिघडत, भलतीकडे जात. बेकर मात्र वेळेवर हजर असत.

ब्रिटनमध्ये बीबीसीलाही हा अनुभव आला. 'डॉक्टर हू' मालिकेत १९७७ मध्ये के-नाइन नावाचा यांत्रिक कुत्रा आला. आत माणूस नाही, सगळा कारभार रेडिओ लहरींवर. झालं काय, त्या लहरी स्टुडिओच्या कॅमेऱ्यांत गडबड करू लागल्या. उंबरठा त्याला ओलांडवेना. मग कधी कधी दोरीला बांधून ओढायची पाळी आली. आवाज जॉन लीसन यांचा. त्यांनी खरं तर माइकपुरतं यायचं. पण तालमीत मालिकेचा नायक, म्हणजे डॉक्टर, झालेल्या टॉम बेकर यांना बोलायला समोर कुणीतरी हवं, म्हणून लीसन स्वतः गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत कुत्र्याच्या जागी फिरत. मधल्या वेळात दोघं मिळून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसायचे.

नमस्कार.