दोराची लांबी, दयेची मुदत

[दृश्य: येरवडा कारागृहाची बाहेरची दगडी भिंत. रस्त्यावर सकाळची वर्दळ.]

निवेदन:

महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय दोनच ठिकाणी आहे, पुण्याचं येरवडा कारागृह आणि नागपूरचं मध्यवर्ती कारागृह. येरवड्यात २१ नोव्हेंबर २०१२ ला अजमल कसाबला फाशी झाली, नागपुरात ३० जुलै २०१५ ला याकूब मेमनला. देशात २० मार्च २०२० ला तिहारमध्ये चौघांना एकदम फाशी दिली गेली. पुढची पाच वर्षं खटका ओढला गेला नाही. शिक्षा सुनावणं मात्र थांबलेलं नाही. २०२३ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत फाशीची शिक्षा झालेले ५६१ कैदी होते.

फाशी बरोबर की चूक, यावर गप्पा पुष्कळ होतात. फाशी देतात कशी, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. आपण तिथूनच सुरुवात करू, कारण या शिक्षेबद्दलची अस्वस्थता तुरुंगाच्या नियमावलीतच कलमवार लिहून ठेवलेली आहे.

[दृश्य: जुना वजनकाटा. दोराचं वेटोळं.]

दोर किती लांब सोडायचा, हे कैद्याच्या वजनावर ठरतं. आदर्श तुरुंग नियमावलीत त्याचा तक्ताच आहे. पंचेचाळीस किलोच्या आतला कैदी असेल तर सुमारे २.४४ मीटर, नव्वद किलोच्या वरचा असेल तर १.८३ मीटर. माणूस जितका हलका, तितका खाली पडण्याचा पल्ला जास्त. मानेचे वरचे मणके एका झटक्यात निखळावेत आणि शुद्ध तत्क्षणी जावी, हा त्यामागचा हिशेब. पल्ला कमी पडला तर मान मोडत नाही, माणूस गुदमरून मरतो आणि त्याला कित्येक मिनिटं लागू शकतात. पल्ला जास्त झाला तर धडापासून शीर वेगळं होऊ शकतं. म्हणून नुसत्या वजनावर भागत नाही, वैद्यकीय अधिकारी कैद्याची मान आणि बांधाही बघतो.

मग दोराची चाचणी होते. कैद्याच्या दीडपट वजनाची वाळूची गोणी फळीवरून खाली सोडतात. साठ किलोचा माणूस असेल तर नव्वद किलोची गोणी. दोर तुटला नाही, की तो कुलपात ठेवायचा. जोडीला जादा दोर तयार ठेवायचे. हे दोर बिहारमधल्या बक्सरच्या तुरुंगात वळले जातात आणि वळणारे हात बहुधा कैद्यांचेच असतात.

ज्याचा जीव घ्यायचा आहे त्याला त्रास होऊ नये म्हणून इतकी मोजमापं. याला माणुसकी म्हणा, नाहीतर मनाची समजूत. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये दीना खटल्यात सांगितलं, की फाशीची पद्धत क्रूर किंवा रानटी नाही. जुन्या नियमाप्रमाणे मृतदेह अर्धा तास लटकत ठेवायचा. १९९५ मध्ये न्यायालय म्हणालं, डॉक्टरने मृत्यू झाल्याचं सांगितल्यावर देह लटकत ठेवणं हा त्या देहाचा अपमान आहे, लगेच खाली उतरवा. २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात शवविच्छेदन सक्तीचं झालं. मणका निखळून मृत्यू आला की गळा आवळून, हे कुठेतरी नोंदलं जावं म्हणून. १९८३ मध्ये बिनधोक ठरलेल्या पद्धतीची तपासणी करायला एकतीस वर्षं लागली.

[दृश्य: कारागृहाच्या दवाखान्याचा रिकामा व्हरांडा.]

यात डॉक्टरची जागा मोठी अवघड आहे. वजन त्याने घ्यायचं, प्रकृती त्याने तपासायची, खाली झुलत्या देहाची नाडीही त्यानेच बघायची. जागतिक वैद्यक संघटनेने १९८१ मध्येच ठराव केला, की डॉक्टरने मृत्युदंडात भाग घेणं वैद्यकीय नीतीला धरून नाही, मृत्यूचा दाखला देण्यापुरती मुभा आहे. आता दाखल्याआधीचं वजन घेणं भागात मोडतं की नाही? आपल्या नियमावलीला हा प्रश्न पडलेला दिसत नाही.

आणि खटका ओढणारा? महाराष्ट्रात कायमचा जल्लाद नाही. २०१२ आणि २०१५ च्या फाशी तुरुंगाच्याच कर्मचाऱ्यांनी दिल्या, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. त्यांची नावं बाहेर येऊ दिली जात नाहीत. जपानमध्ये तीन अधिकारी एकाच वेळी तीन बटणं दाबतात. त्यातल्या एकानेच फळी उघडते आणि ते कुठलं, हे तिघांनाही कळत नाही. उत्तर हिंदुस्थानातल्या जल्लादांनी मुलाखतींतून त्यांची रीत सांगितली आहे. खटका ओढण्याआधी कैद्याच्या कानाशी जायचं, हिंदू असेल तर राम राम, मुसलमान असेल तर सलाम म्हणायचं, हुकमाचे ताबेदार आहोत, माफ कर, असं सांगायचं. नियमावलीत हे कलम नाही.

नियमावलीत आहे ते एवढंच, की कैद्याची इच्छा असेल तर त्याच्या धर्माचा पुजारी, मौलवी किंवा पाद्री हजर राहू शकतो. बाकी अधीक्षक, दंडाधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी. घरच्यांना आत सोडत नाहीत. फाशी उरकेपर्यंत इतर सगळे कैदी बराकीत बंद असतात.

[दृश्य: घाटावरच्या देवळात चाललेलं कीर्तन, लांबून.]

त्या पुजाऱ्याने तिथे सांगावं तरी काय? कारण धर्माचं म्हणणं एकच असतं, असं नाही.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एक श्लोक आहे. पाप करून राजाकडून दंड भोगलेली माणसं निर्मळ होतात आणि पुण्यवंतांसारखी स्वर्गाला जातात. म्हणजे शिक्षा हेच प्रायश्चित्त. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट याच विचाराची. मात्र त्याच अध्यायात ब्राह्मणाला वधाच्या जागी मुंडण पुरेसं ठरवलं आहे. निर्मळ व्हायची ही वाट सगळ्यांना सारखी खुली नव्हती, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

महाभारताच्या शांतिपर्वात याच्या अगदी उलट बाजूचा माणूस उभा आहे, सावित्रीचा नवरा सत्यवान. त्याचा बाप राजा द्युमत्सेन काही गुन्हेगारांना वधाला पाठवतो आहे. सत्यवान अडवतो. म्हणतो, एका दरोडेखोराला मारलंत की त्याची बायको, आई, बाप, मुलं हीही मारली जातात आणि त्यांनी तुमचं काहीच बिघडवलेलं नाही. मुळावर घाव घालू नये, असा घाव घालणं हा सनातन धर्म नव्हे. वाईट माणूसही कधी सुधारतो, त्याच्या पोटी चांगली संततीही येते. द्युमत्सेनही काही दुष्ट नाही. तो सांगतो, पूर्वी नुसता धिक्कार पुरत असे, मग कडक शब्दांची वेळ आली, मग दंड वसूल करायची, आणि आता वधाशिवाय भागत नाही. आजच्या कुठल्याही चर्चेत बसवा, दोघांची वाक्यं जशीच्या तशी चालतील.

वारकरी परंपरेतही ही ओढाताण आहे. ‘दया तिचें नांव भूतांचें पाळण । आणीक निर्दळण कंटकांचें’ हे तुकोबांचं. दयेच्या व्याख्येतच त्यांनी कंटकांचं निर्दाळण घातलं. ज्ञानोबांनी मागितलं ते ‘खळांची व्यंकटी सांडो’. खळ राहू दे, त्याचा वाकडेपणा जाऊ दे. पसायदान शाळेत म्हणून मोठे झालेले आपण बातम्या बघताना मात्र पटकन तुकोबांच्या बाजूला जातो. तेही अर्ध्याच तुकोबांच्या.

आणि हे समजण्यासारखं आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात जोशी-अभ्यंकर खून मालिकेत दहा माणसं गेली. घरात शिरून गळे आवळलेले. शहर दिवेलागणीला दारं लावून घेऊ लागलं होतं. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात त्या प्रकरणातल्या चौघांना फाशी झाली, तेव्हा त्या शहराने सुटकेचा निःश्वास टाकला, त्याला रक्तपिपासू म्हणणं उर्मटपणा होईल.

इस्लामी कायद्यात खुनाचा बदला मागण्याचा हक्क मृताच्या वारसांचा आहे, पण कुराणाच्या ज्या आयतीत हा हक्क सांगितला आहे, त्याच आयतीत माफीचीही वाट ठेवली आहे आणि ती वाट अधिक चांगली मानली आहे. भारतीय कायद्यात वारसांची माफी न्यायालयाला बांधील नाही, कारण खून हा राज्याविरुद्धचा गुन्हा. याचं सर्वांत बोचरं उदाहरण महात्मा गांधींचं. मणिलाल आणि रामदास या त्यांच्या दोन मुलांनी बापाच्या मारेकऱ्यांना फाशी देऊ नका, अशी विनंती केली होती. सरकारने ती मानली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी झाली.

[दृश्य: संविधान सभेचं जुनं छायाचित्र.]

त्याच वर्षी, ३ जूनला, संविधान सभेत मृत्युदंडाविरुद्धच्या अपिलांवर चर्चा चालू होती. डॉ. आंबेडकरांनी तिथे सांगितलं, की अपिलाची तरतूद करत बसण्यापेक्षा मृत्युदंडच रद्द करण्याला आपला पाठिंबा असेल. या देशाची माणसं अहिंसा पाळत नसतील, पण ती नैतिक आज्ञा म्हणून मानतात, तेव्हा देशानेही शक्य तितकी मानावी, असा त्यांचा मुद्दा. सभेने ते मनावर घेतलं नाही.

गोव्याचा इतिहास वेगळा. पोर्तुगालने नागरी गुन्ह्यांसाठी मृत्युदंड १८६७ मध्ये रद्द केला आणि १८७० मध्ये तो नियम वसाहतींनाही लावला. १९६१ नंतर गोवा भारतात आला आणि भारतीय कायद्याबरोबर फाशीही परत आली. कॅथॉलिक चर्चने स्वतः मात्र बराच वेळ घेतला. मृत्युदंड अस्वीकारार्ह आहे, असा बदल पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात केला तो ऑगस्ट २०१८ मध्ये.

[दृश्य: न्यायालयाचा जिना. फायलींचे गठ्ठे.]

पण धर्म बाजूला ठेवला, तरी अस्वस्थता जात नाही. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणापुरतीच ठेवली. गुन्हा बघायचाच, पण गुन्हेगारही बघायचा. त्याचं वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. दुर्मीळ कशाला म्हणायचं, हे मात्र समोरच्या खंडपीठावर.

उत्तर प्रदेशातल्या एका खून खटल्यात तिघांचा वाटा सारखाच होता, तिघांनाही फाशी सुनावलेली. तिघांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेले. एकाची फाशी जन्मठेपेवर आली, दोघांची कायम राहिली. त्या दोघांसाठी ६ ऑक्टोबर १९८१ ही तारीख ठरली. त्यातल्या एकाने ऐनवेळी पुन्हा न्यायालयाचं दार ठोठावलं आणि तो वाचला. दुसऱ्याने ठोठावलं नाही. त्याला त्या दिवशी फाशी झाली.

२००९ मध्ये महाराष्ट्रातल्या बारियार खटल्यात तर न्यायालयाने स्वतःच कबूल केलं, की आपल्या १९९६ च्या एका निकालात फक्त गुन्हा बघितला गेला, गुन्हेगार नाही, त्यामुळे तो बच्चन सिंग निकालाला सोडून होता. त्या १९९६ च्या निकालावर राजस्थानातला कैदी त्याच वर्षी फासावर गेलेला होता. निकाल चुकीचा ठरवता येतो. माणूस परत आणता येत नाही.

[दृश्य: नाशिक जिल्ह्यातला बागायती रस्ता.]

नाशिक जिल्ह्यात २००३ मध्ये एका वस्तीवर दरोडा पडला, बलात्कार आणि खून झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे २०१४ मध्ये नियम झाला, की फाशीतल्या फेरविचार याचिका खुल्या न्यायालयात तीन न्यायाधीशांपुढे ऐकायच्या. त्यामुळे ही फाईल परत उघडली. मार्च २०१९ मध्ये सहाही जण निर्दोष सुटले. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळेच चार जण ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, हे आता निकालात लिहिलेलं आहे. सहा जणांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी पाच लाखांची भरपाई मिळाली, सोळा वर्षांची.

दुसऱ्या बाजूला कोल्हापूरचं बालहत्याकांड. त्यातल्या दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. दयेचे अर्ज सरकारदरबारी जवळपास आठ वर्षं पडून राहिले. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. सरकारची ढिलाई हेच कारण. मृत्यूची वाट बघत वर्षानुवर्षं कोठडीत ठेवणं हीच एक वेगळी शिक्षा आहे, हे तत्त्व २०१४ पासून पक्कं झालेलं आहे.

या उशिरावर नव्या कायद्याने उपाय केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ नुसार, सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय तुरुंग अधीक्षकांनी कळवल्यापासून तीस दिवसांत दयेचा अर्ज करायचा. राज्याचं मत आल्यावर केंद्राने साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे शिफारस पाठवायची. राष्ट्रपतींचा निर्णय अठ्ठेचाळीस तासांत राज्याला आणि तुरुंगाला कळवायचा. दया नाकारल्यानंतर फाशीआधी किमान चौदा दिवस द्यायचे, हे २०१४ च्या निकालातलं बंधन त्यावर आहेच.

कोल्हापूरच्या प्रकरणात ज्या उशिराला न्यायालयाने क्रौर्य म्हटलं, त्याच उशिरामुळे नाशिकचे सहा जण २०१९ पर्यंत जिवंत होते. तीस, साठ आणि चौदा दिवसांचं वेळापत्रक २००९ मध्येच लागू असतं, तर ती फाईल उघडून कुणाला सोडायचं राहिलं असतं?