आयलंडमधला उपरा 'एस'

(पडद्यावर: 1611 चं इंग्रजी बायबल, प्रेषितांची कृत्ये, अध्याय 28, वचन 1.)

जहाज फुटलंय. ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल आणि सोबतची माणसं कशीबशी किनाऱ्याला लागतात. हे बेट मेलिता, म्हणजे आजचं माल्टा. आता 'बेट' या अर्थाचा छापील शब्द जवळून बघा: आय, एल, ए, एन, डी. मध्ये 'एस' नाही. छापणाऱ्याच्या हातून तो गळलेला नाही. याच ग्रंथाच्या शेवटाकडे पात्म बेटासाठी 'आइल' येतो, आणि त्यात 'एस' आहे.

कारण हे शब्द दोन वेगळ्या घराण्यांतले.

जुन्या इंग्रजीत बेटाला नुसतं 'ईय' म्हणत. लिहायचे आय-ई-जी, पण 'जी'चा उच्चार 'य'. मूळ अर्थ पाण्याशी जोडलेला. (आपल्या 'द्वीप'मध्येही 'अप्', म्हणजे पाणी आहेच.) त्याला 'लँड' जोडलं, पुढे 'य' आधीच्या 'ई'त मुरला आणि 'ईलंड' उरला. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतला दीर्घ 'ई' 'आय'कडे सरकला, तसा तोही आयलंड झाला. डच आणि जर्मनमधल्या त्याच्या भावंडांत आजही 'एस' नाही.

नुसता 'ईय' गावांच्या नावांत टिकला. शेपी म्हणजे मेंढ्यांचं बेट, त्यामुळे 'आइल ऑफ शेपी' म्हणताना बेट दोनदा येतं. लंडनचं बॅटरसी यातलंच. चेल्सी मात्र नाही, त्याचा अर्थ चुनखडी उतरवायचा धक्का.

'आइल'चं मूळ लॅटिन 'इन्सुला'. फ्रेंचमध्ये त्यातल्या 'एस'चा उच्चार गळाला आणि इंग्रजीत शब्द आला तो 'एस'शिवायच. पुढे लॅटिनच्या धाकाने फ्रेंच लेखनिकांनी कागदावर 'एस' परत बसवला, इंग्रजांनी तो उचलला. अर्थ एकच, आवाजही जवळचा. मग आयलंड हा आइलचाच वाढवलेला अवतार असणार, असं धरून सोळाव्या शतकात त्यातही 'एस' घातला गेला. 1700 च्या सुमारास तो पक्का झाला. हा 'एस' बोलण्यात कधी नव्हताच. तेव्हा 'इज-लँड' असं घोकून स्पेलिंग पाठ करणाऱ्या मुलांना हसू नये.

(पडद्यावर: विमानातल्या आसनांमधली वाट.)

हीसुद्धा 'आइल', पण स्पेलिंगमध्ये पुढे 'ए'. हिचं मूळ लॅटिन 'आला', म्हणजे पंख. चर्चच्या मुख्य दालनाची बाजू. बेटाशी काडीचा संबंध नाही. तरी उच्चाराच्या गोंधळात बेटाचा 'एस' हिलाही चिकटला. मागाहून पंखाच्या फ्रेंच शब्दावरून 'ए' आला, पण 'एस' काही निघाला नाही. इन्सुलिनमधला 'एस' तेवढा अस्सल: स्वादुपिंडातल्या पेशींच्या 'बेटां'वरून, थेट इन्सुलातून आलेला.

आणि फ्रेंच? 1740 च्या कोशात त्यांच्या अकादमीने हा मुका 'एस' काढून टाकला आणि 'आय'च्या डोक्यावर छोटी टोपी ठेवली. इंग्रजीत असा हुकूम काढणारी अकादमीच नव्हती.