माळावरची खरुची कशी ओळखाल?

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी उलटली की सासवड, सुपे, भिगवणच्या माळांवर विजेच्या तारेवर पारव्याएवढा, पण सडपातळ आणि लांब शेपटीचा एक पक्षी ताठ बसलेला दिसतो. ती बहुधा खरुची, म्हणजे एक छोटा ससाणा (इंग्रजीत केस्ट्रेल). माळावरच्या बहुतेक खरुच्या हिवाळ्यापुरत्या येतात. सह्याद्रीच्या कड्यांवर मात्र काही बारमाही राहतात.

बसलेल्या पक्ष्याला घाईने नाव देऊ नका, तो उडेपर्यंत थांबा. खरुची वाऱ्याकडे तोंड करते, शेपटी पंख्यासारखी पसरते आणि दहा-वीस मीटर उंचीवर पंख फडफडवत जागच्या जागी थांबते. दुर्बीण डोक्यावर लावा. पंख हलताहेत, शेपटी हलतेय, डोकं मात्र खिळ्याने ठोकल्यासारखं स्थिर! नजर खालच्या टोळावर, सरड्यावर, उंदरावर लागलेली असते ना. मग ती थोडी खाली येते, पुन्हा थांबते आणि शेवटी झेपावते.

शिक्रा हा दुसरा छोटा शिकारी पक्षी असा हवेत थांबत नाही, शिवाय त्याचे पंख आखूड आणि गोलसर. खरुचीचे लांब, टोकदार. खरी फसगत कापशी ही छोटी घार करते, कारण तीही हवेत थांबते. पण ती पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा डाग, शेपटी आखूड.

ऊन पक्ष्याच्या मागे असेल तर रंग काळपटच दिसतो. म्हणून सूर्य आपल्या पाठीशी ठेवा. नराचं डोकं आणि शेपटी राखाडी, शेपटीच्या टोकाशी एक रुंद काळा पट्टा, विटकरी पाठीवर काळे ठिपके. मादीची शेपटी तपकिरी, तिच्यावर अनेक बारीक आडवे पट्टे. पहिल्या वर्षाची पिल्लंही मादीसारखीच दिसतात, तेव्हा वहीत ‘मादी किंवा पिल्लू’ असंच लिहा.

अमूर ससाणे या स्थलांतर करणाऱ्या छोट्या ससाण्यांच्या थव्यांबरोबर खरुचीची छोटी बहीणही (लेसर केस्ट्रेल) जाते. तिच्या नराची पाठ बिनठिपक्यांची आणि नखं पांढरट. आपल्या खरुचीची नखं काळी. फोटो मिळाला तर आधी पाय मोठे करून पाहा.

गाडीतूनच बघा. दार उघडलं की ती पुढच्या खांबावर जाते. ती गेल्यावर खांबाखाली शोधलंत तर बोटाच्या पेराएवढ्या करड्या गोळ्या सापडतील. उंदराचे केस, टोळाचे कवच, असं न पचलेलं ती तोंडावाटे टाकते. गोळी ओलसर, म्हणजे ताजी असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खांबापासून सुरुवात करा.